खोडरबर

वाल्दिव्हियात नदीकाठी, मासळीबाजाराच्या शेपटाशी
माझी जुन्या पुस्तकांची टपरी.
समोर समुद्रसिंह लोळत असतात,
फेकलेल्या मुंडक्यांसाठी एकमेकांवर भुंकतात,
आणि माझ्या फळीवर ओळीनं उभी असते शांती:
एकवीस दिवसांत अंतर्ज्योत,
सात पायऱ्यांत क्षमा,
झोपेत श्रीमंत होणारा आत्मा.
इथल्या दमट हवेत कादंबऱ्यांना बुरशी धरते.
यांना नाही धरत.
तेवढा वेळ त्या फळीवर टिकतच नाहीत.

माझं काम खोडायचं.
पुस्तक पुन्हा विकायच्या आधी
मागच्या माणसाच्या पेन्सिलखुणा पुसायच्या.
वीस वर्षं पुसतोय, म्हणून सांगतो:
पहिल्या पानावर रेघा दाट, पट्टी लावून मारलेल्या,
समासात ‘हो!’, ‘हेच!’, एकदा नुसतंच ‘आई’.
विसाव्या पानावर हात सैल होतो.
चाळिशीच्या पुढं कागद कोरा, करकरीत,
जणू तिथून पुढं वस्तीच नाही.
नव्याचे नऊ दिवस,
तेही सुट्ट्या धरून.

एदुविगिस मासे कापते, पलीकडच्या रांगेत.
एक उचलून तिनं विचारलं, "चालतं का हे?"
भिंतीवरच्या घड्याळाबद्दल विचारावं तसं.
मी म्हटलं, नाही चाललं तर अर्ध्या किमतीत परत घेईन.
हे धंद्याचं उत्तर.
दुसरं माझ्यापाशी नव्हतं.

हिवाळाभर पुस्तक तिच्या गाळ्यावर, पिशवीत गुंडाळलेलं,
लिंबांच्या टोपलीशेजारी.
सप्टेंबरात परत आणलं. पानापानांत खवले.

"तिसऱ्या धड्याच्या पुढं गेले नाही.
तिथं म्हटलंय, रोज पाच मिनिटं काही करू नकोस.
पाच मिनिटांत माझे दोन मासे साफ होतात.
तरी बसले, उपड्या क्रेटवर."
मग?
"मग काय! नवरा तसाच, गुडघा तसाच,
तोंड माझं कसं आहे, विचार बाजारात.
वजन करताना तराजूला अंगठा टेकतो ना माझा,
तोही टेकतोच.
फक्त आता तो मला दिसतो."

तिनं अंगठा वर धरून पाहिला,
उलटा, सुलटा,
मग अर्धे पैसे मोजून घेतले.
एक पेसो सोडला नाही.

रात्री पुस्तक पुसायला घेतलं.
सगळ्यात मिळून एकच रेघ, एकोणचाळीस पानावर,
पण अशी दाबून ओढलेली
की शिसं गेलं तरी चर राहिला.
खोडरबराचा चुरा झाला. चर तिथंच.
वाक्य काय होतं, शपथेवर सांगता येणार नाही.
साधंच होतं. असली वाक्यं मी किलोवर विकतो.
रेघ तिची होती की तिच्या आधीच्या कुणाची,
तेही कळायला मार्ग नाही.

मी फक्त बोट फिरवत बसलो त्या खाचेतून,
आणि मग, का ते विचारू नका,
पुंता अरेनासचा नंबर फिरवला.
फिदेल्मो, माझा भाऊ.
बोट विकली तेव्हापासून अकरा वर्षं अबोला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.
"कुणी नाही."
बराच वेळ नुसती खरखर.
मग तोच म्हणाला, "इकडं वारा फार आहे."
"ऐकू येतोय," मी म्हटलं.

एवढंच.
बोटीचा विषय निघाला नाही, क्षमेचा तर नाहीच.
सात पायऱ्या असतील त्या असोत,
आम्ही दोघं अजून अंगणात चपला शोधतोय.
रविवारी त्याचा फोन येईल असं वाटलं होतं,
आला नाही. सोमवारी मीच केला.
चार मिनिटं बोललो, त्यातली तीन त्याच्या कुत्र्यावर.

पुस्तक पुन्हा फळीवर आहे, किंमत तीच.
काल एक पोरगा चाळत होता, बंदरावरचा असावा,
ओला, उपाशी, डोळ्यांखाली काळं.
एकोणचाळीस पानावर त्याचं बोट अडलं.
"हे पान खराब आहे," तो म्हणाला,
"काही कमी करा."

मी कमी केली नाही.